फॉर्म सोळाची दुसरी प्रत

"कुठं हरवला?" देशिंगकरांनी विचारलं.

"घरी."

"घरी हरवलेला कागद सापडतो. दिवाळीला माळा काढला की सापडतो. त्यासाठी मी दुसरी प्रत देत नाही."

"मग प्रवासात हरवला असं धरा."

"मी काय धरायचं? तुम्ही लिहून द्यायचं. पोलिसांत तक्रार, शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हमीपत्र, मग माझ्याकडं अर्ज. अर्जात कुठं हरवला, कधी हरवला, कोण साक्षीदार." त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि आवाज खाली आणला. "कुंभोजकर, खरं सांगा. मुलीकडं गेलाय ना?"

मी मान डोलावली.

"ह्या महिन्यातले तुम्ही तिसरे. कागद मागून आणायचा. नकार देतात म्हणून लोक काय कागद गिळत नाहीत."

ही दोन हजार पाच सालच्या जुलैची गोष्ट. कुपवाड एमआयडीसीत पंपांची ओतीव कामं करणाऱ्या एका कंपनीत मी गुणवत्ता तपासनीस होतो. म्हणजे दुसऱ्यांनी ओतलेल्या लोखंडात भोकं शोधायचो. देशिंगकर अकाउंट्समध्ये होते. वर्षभरात कंपनीनं पगार किती दिला आणि त्यातून कर किती कापला, याचा सहीशिक्क्याचा दाखला म्हणजे फॉर्म सोळा. तो एकतीस जुलैच्या आत विवरणपत्राला टाचून द्यायचा असे. टाचण्यासाठी तो जवळ असावा लागे, आणि माझा नव्हता.

त्या काळात आमच्याकडच्या वधुपित्यांना 'पगार अठरा हजार' या वाक्यावर विश्वास उरला नव्हता. सगळ्यांचाच पगार अठरा हजार असायचा. त्यामुळे पत्रिका, फोटो, बायोडाटा यांच्या जोडीला फॉर्म सोळा मागायची पद्धत पडली होती. तोही अस्सल, कारण झेरॉक्सवर आकडा वाढवता येतो हे सगळ्यांना माहीत होतं. पत्रिका जमली नाही की पाकीट परत यायचं. 'पत्रिका जमत नाही' याचा अर्थ काहीही असू शकायचा, आणि तो विचारायचा नाही असा सभ्य संकेत होता.

माझं पाकीट मे महिन्यात कराडच्या नेर्लेकरांकडं गेलं. नंतर ते लोक मिरजेला आमचं घर बघून गेले. मुलगी स्वरूपा, लायब्ररीत नोकरीला. तिनं माझ्या पुस्तकांच्या फळीकडं बघून "ही वाचलीत की नुसती लावलीत?" असं विचारलं, आणि मी मनातल्या मनात हॉल ठरवून टाकला. जूनमध्ये आईनं सांगितलं, "पत्रिका जमत नाही म्हणून निरोप आलाय."

संध्याकाळी घरी गेलो तेव्हा नळाला पाणी आलं होतं आणि दादा गल्लीतल्या आठ घरांच्या घागरींची रांग सांभाळत उभा होता. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तेहेतीस वर्षांचा. अंगापिंडानं पैलवान, आणि समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. कुठली कळशी कुणाची हे त्याला पक्कं ठाऊक असायचं, आणि नंबर सोडून घुसणाऱ्या बाईकडं तो नुसता बघायचा. तेवढं पुरायचं.

"आई, मी रविवारी कराडला जाऊन फॉर्म घेऊन येतो."

ती भाकरी थापत होती. हात थांबला. "नकार दिलेल्या घरी? जीभ कशी रेटते तुझी? हापिसातनं दुसरा घे."

"दुसऱ्याला पोलिसात जावं लागतं."

"मग पोलिसात जा. पण कराडला जाऊ नको."

मुलीकडच्यांपेक्षा पोलीस बरे, असं आईचं मत मी पहिल्यांदाच ऐकत होतो. रविवारी सांगलीला मित्राकडं जातो असं सांगून मी कराडची एसटी धरली.

नेर्लेकर कर सल्लागार होते. घराच्या पुढच्या खोलीतच त्यांचं ऑफिस, आणि जुलै असल्यामुळे रविवारीही चार माणसं बाकावर बसलेली. मला पाहून त्यांनी त्यांना अर्ध्या तासानं यायला सांगितलं.

"बसा. चहा घेणार?"

"नको. पत्रिकेबरोबर माझा फॉर्म सोळा आला होता. एकतीस तारीख जवळ आली म्हणून…"

"तो परत केलाय." त्यांनी कपाटातून एक लांबट वही काढली, बोट फिरवलं आणि माझ्यापुढं धरली. "चौदा जून. आमचा माणूस मिरजेला आला होता. पत्रिका एक, फोटो एक, फॉर्म सोळा एक. पोच घेतल्याशिवाय मी रद्दीसुद्धा देत नाही."

पोच म्हणून आईची सही होती. 'इंदिरा द. कुंभोजकर.' 'द'ला नेहमीप्रमाणे शेपूट जास्त.

काहीतरी बोलायला हवं म्हणून म्हणालो, "पत्रिका जमली नाही असं कळलं."

"पत्रिका मी उघडलीच नाही. मला त्यातलं समजत नाही. फॉर्म सोळा समजतो. तीस वर्षं तेच वाचतोय. पत्रिकेत माणसाचं पुढचं असतं, त्याची जबाबदारी कोण घेणार? ह्यात मागचं असतं, सहीशिक्क्यानिशी." त्यांनी वही मिटली. "तुमच्या फॉर्ममध्ये कलम ऐंशी-डीडीखाली पन्नास हजारांची वजावट आहे. ती कुणाला मिळते, माहीत आहे ना?"

"आहे."

"ज्याच्यावर अपंग माणूस अवलंबून आहे त्याला. तुमच्या आई चांगल्या चालत्याबोलत्या. वडील नाहीत, बायको नाही, मूल नाही. राहिलं कोण? भाऊ नाहीतर बहीण. आणि बायोडाटात तुम्ही लिहिलंय, भावंडं नाहीत. पोहे खाताना मी तोंडानंही विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, एकटाच. म्हणजे एकतर तुम्ही सरकारला फसवताय, नाहीतर मला."

मी टेबलावरच्या टाचण्यांच्या डबीकडं बघत होतो.

"सरकारला फसवत असाल तर माझी काही तक्रार नव्हती. तसा जावई चालला असता मला. माझा धंदाच आहे तो."

"सरकारला खरं सांगितलंय," मी म्हणालो.

"हो. चौकशी केली मी नंतर. तेच वाईट झालं."

नेर्लेकर घर बघायला आले त्या दिवशी दादाला सकाळी साडेसातच्या बसनं सांगलीला मामाकडं पोचवलं होतं. प्रत्येक मुलीच्या वेळी पोचवायचो. दोन वर्षांत सहा वेळा. आमच्या गल्लीत कुणी बाहेरचं विचारलंच तर 'कुंभोजकरांकडं कामाला आहे' असं सांगायचं ठरलं होतं. ते कुणी ठरवलं हे आठवत नाही, पण बायोडाटा मी स्वतः टाइप केला होता. 'भावंडे' या शब्दापुढं 'नाहीत' लिहायला पाच सेकंदही लागले नव्हते.

फाटकापर्यंत स्वरूपा आली. कुलूप उघडायला आली असावी, पण फाटकाला कुलूप नव्हतं.

"नाव काय त्यांचं?"

"सुधाकर. आम्ही दादा म्हणतो."

"दिवसभर काय करतात?"

कुणी हा प्रश्न मला आजवर विचारला नव्हता. मी सांगायला लागलो. घागरींचं सांगितलं. कॅरममध्ये तो राणी कुणालाही घेऊ देत नाही, ती एकटी आहे म्हणतो, हे सांगितलं. घरी कुणी आलं की त्यांच्या चपला जोडीनं भिंतीला लावून ठेवतो आणि जाताना ज्याच्या त्याच्या पायाशी आणून ठेवतो, चुकत नाही. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, की हे मी हसत सांगतोय.

"हे त्या दिवशी सांगितलं असतं तर?" मी विचारलं.

तिनं विचार केला. प्रामाणिकपणे केला. "कदाचित नाहीच म्हणाले असते. माहीत नाही. पण मग नाही कशाला म्हणतेय ते तरी मला कळलं असतं." मग म्हणाली, "तुमची एसटी दोन वाजता आहे. पुढची एकदम पावणेचारला."

मिरजेला परतलो तेव्हा आई ओट्यापाशी होती. मी सरळ विचारलं, "फॉर्मचं काय केलंस?"

तिनं 'कुठला फॉर्म' असं विचारलं नाही. "फाडला. बंबात घातला."

"का?"

"त्यांच्या माणसानं सांगितलं, त्या कागदात सुधाकरचं लिहिलंय. दुसऱ्या कुणाच्या हाती पडायला नको म्हणून." ती माझ्याकडं वळली. "मला वाटलं, तू हापिसात मागशील तर नवा देतील. नव्यात कशाला लिहितील?"

"आई, तो कागद फाडून ते जात नाही. दरवर्षी लिहितात. मीच लिहायला सांगतो. त्यानं दहा हजारांचा कर वाचतो."

"मग वाचवू नको."

बाहेर दादा पायरीवर बसून शेंगा सोलत होता. टरफलं एका ढिगात, दाणे एका ढिगात. आई त्याच्याकडं न बघता बोलत होती.

"माझं वय काय झालं? अडुसष्ट. मी गेल्यावर ह्याला कोण बघणार?"

"मी आहे."

"तू सकाळी सातला जातोस, रात्री सातला येतोस. बघायला घरात बाईमाणूस पाहिजे. ती येईपर्यंत हा दिसला तर ती येणार नाही. म्हणून म्हणते, एकदा येऊ दे. मग दिसू दे."

मी तिच्या बोलण्यात चूक शोधली. भोकं शोधायचा पगार घेणाऱ्याला त्यात एक भोक सापडेना. दादाला सांभाळायला बायको हवी, आणि बायको यायला दादा नको.

"जयसिंगपूरचं स्थळ आहे," आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात कागद मागतील. तेवढी ओळ नको, एवढंच सांग हापिसात."

मंगळवारी सकाळी मी देशिंगकरांपुढं उभा राहिलो.

"कराडहून मिळाला नाही. दुसरी प्रत द्या. आणि त्यातली ऐंशी-डीडीची ओळ काढता येईल का?"

"का?"

"आता लागू नाही."

त्यांनी ड्रॉवरमधून एक छापील कागद काढून माझ्यापुढं सरकवला. वजावट बंद करण्याचा अर्ज. तो त्यांनीच तयार केलेला होता, त्यामुळे त्यात पळवाट नव्हती. 'अवलंबित व्यक्तीचे नाव'पुढं त्यांनी मार्चमध्येच टाइप करून ठेवलं होतं: सुधाकर दत्तात्रय कुंभोजकर. खाली 'कारण', आणि त्यापुढं दोन चौकटी. एक, पूर्ण बरा. दोन, मयत.

"बरा झाला असेल तर सिव्हिल सर्जनचा दाखला लागेल," देशिंगकर म्हणाले.

"आणि दुसऱ्याला?"

"त्याला दाखला मी मागत नाही. बरं दिसत नाही ते."

आजही मला तो क्षण मोठा झाला असं सांगता येत नाही. मागं दोन माणसं उभी होती. एकाला रजेचा पगार विचारायचा होता. मी दुसऱ्या चौकटीत बरोबरची खूण केली आणि सही केली.

देशिंगकरांनी अर्ज घ्यायला पुढं केलेला हात मागं घेतला.

"कधी?"

"रविवारी." मी कराडला होतो तो रविवार. दुसरा दिवस सुचला नाही.

ते उठून उभे राहिले. "परवा भाऊ गेला आणि सुतकात तुम्ही कामावर आलात? एकतीस तारखेसाठी?" त्यांच्या आवाजात राग होता आणि काहीतरी दुसरंही होतं. "आठ वर्षं त्यांचं नाव मी दर मार्चला टाइप करतोय. ठेवा तो अर्ज टेबलावर. हातात देऊ नका. मला संध्याकाळी पूजा असते."

मागच्या दोन माणसांनी टोप्या काढल्या.

"आणि त्या ओळीचं?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"ती कशी जाईल? गेल्या मार्चअखेरचा फॉर्म आहे. तेव्हा ते हयात होते. वजावट तुमच्या हक्काची आहे. पुढच्या वर्षीपासून बंद होईल." त्यांनी स्वतः कपाटातून फाइल काढली. "हमीपत्र-बिमीपत्र राहू दे. मी बघतो साहेबांचं. अर्ध्या तासात देतो दुसरी प्रत. घेऊन सरळ घरी जा."

अर्ध्या तासानं प्रत मिळाली. वर 'दुय्यम प्रत' असा शिक्का, खाली साहेबांची सही, आणि मध्ये ती ओळ, होती तशी. म्हणजे भाऊ मारला आणि ओळ शिल्लक राहिली. अशा हिशेबाला काय म्हणतात ते कर सल्लागाराला विचारायला हवं होतं.

निघताना देशिंगकर म्हणाले, "संध्याकाळी सहाला येतो आम्ही."

"नको, कशाला. आईची तब्येत…"

"म्हणूनच यायला पाहिजे."

सरळ घरी जायची हिंमत झाली नाही. मी मिरज स्टेशनच्या बाकावर दुपार काढली. चहा प्यालो, त्यात मला काही अडचण वाटली नाही. साडेपाचला घरात शिरलो आणि म्हणालो, "आई, दादाला मामाकडं पाठव. आत्ता."

"का? जयसिंगपूरचे आज येणार आहेत?"

"ऑफिसचे लोक येतायत."

"ते कशाला?"

मी सांगत होतो, म्हणजे सांगायला सुरुवात करत होतो, तेवढ्यात कंपनीच्या गाडीचा आवाज आला. सहाला येतो म्हटलेले देशिंगकर वेळेच्या बाबतीत नेहमी पंधरा मिनिटं पुढं असायचे. आम्ही आत होतो. दार दादानं उघडलं.

"या, बसा," तो म्हणाला.

देशिंगकर आणि स्टोअर्समधले दोघं. तिघंही पांढऱ्या शर्टात, तोंडं उतरवून. खाली माना घालून आत आले, आणि दादा त्यांच्या चपला उचलून भिंतीशी लावू लागला. त्यांना तो घरातला गडी वाटला असणार. तसं वाटावं अशीच आमची व्यवस्था होती.

"आई कुठं आहेत?" देशिंगकरांनी हळूच विचारलं. "आम्हाला फार वाईट वाटलं. सुधाकर गेल्याचं कळलं आणि…"

"नाही गेलो," दादा म्हणाला. "मी इथंच आहे."

मी आतल्या खोलीच्या दारात होतो. आई माझ्या मागं. मी काय करून बसलोय हे तिला तेव्हा कळलं असावं, कारण तिनं माझा दंड मागून इतका घट्ट धरला की नखं रुतली.

"तुमचं नाव काय?" देशिंगकरांनी विचारलं.

"सुधाकर दत्तात्रय कुंभोजकर." त्याला पूर्ण नाव सांगायला शिकवलं होतं, हरवला तर असावं म्हणून. "विदूचा मोठा भाऊ."

स्टोअर्समधला एक जण खोकला. दुसऱ्यानं खुर्चीची कड पकडली. देशिंगकर मात्र दादाकडं बघत राहिले. आठ वर्षं टाइप केलेल्या नावाला चेहरा आलेला बघत असावेत. माझ्याकडं त्यांनी पाहिलं नाही. त्या संध्याकाळी एकदाही नाही, आणि नंतरही पगाराच्या पाकिटापलीकडं फारसं नाही.

पाहुण्यांची शांतता दादाला नवी होती. तो एकदा त्यांच्याकडं, एकदा माझ्याकडं बघू लागला. मग त्याला उलगडा झाला. त्यानं खुंटीवरची पिशवी काढली आणि पायात चपला सरकवू लागला.

"कुठं निघालात?" देशिंगकर म्हणाले.

"मामाकडं. तुम्ही विदूला बघायला आलाय ना?"

आईनं माझा दंड सोडला.

"नाही हो," देशिंगकर म्हणाले. "आम्ही तुमच्याचसाठी आलोय."

दादाला ते खरं वाटेना. त्यानं पिशवी खांद्यावरच ठेवली. मग आईकडं वळून, घरात कुणी मोठ्या माणसानं बोलावं तसं बोलला, "चहा ठेव ना. माझ्याकडं आलेत."

आई आत गेली. स्टोव्हचा आवाज बराच वेळ येत राहिला. खिशात घडी घातलेली दुय्यम प्रत मला टोचत होती आणि ती काढून कुठं ठेवावी ते कळत नव्हतं. चहा दादानंच आणला, दोन्ही हातांनी ट्रे धरून, पावलं मोजत. तीन कप पाहुण्यांपुढं धरले. स्टोअर्समधल्या दोघांनी देशिंगकरांकडं पाहिलं. सुतकाच्या घरी पाणीही न घेणारा माणूस म्हणून कंपनीत त्यांची ख्याती होती.

देशिंगकरांनी कप उचलला, एक घोट घेतला.

"साखर थोडी कमी आहे, सुधाकरराव," ते म्हणाले.

दादानं पिशवी खाली ठेवली आणि साखर आणायला आत गेला.